नखाएवढी पट्टी

गुंदच्या झिलूअज्जाच्या घरी चुलीवरच्या माळ्याला फणसाच्या लाकडाची एक पेटी असते. तिला धूर लागतो, म्हणून कसर लागत नाही. आत कुराणाचं एकच पान, कातड्यावर लिहिलेलं. अज्जाच्या पणजोबाकडे घाट चढून आलेला जमालसाब नावाचा व्यापारी ते ठेवून गेला. "मी येईस्तोवर सांभाळ, कापू नको," म्हणाला आणि पुन्हा फिरकला नाही. तेव्हापासून पेटी ज्याच्या ताब्यात येते, तो हात धुऊन पेटीवर ठेवतो आणि तीच जबान देतो. यंदा अज्जाचे डोळे गेले तशी ती नातीने, रक्षिताने दिली.

रक्षिता बेळगावात जुन्या पोथ्यांच्या जतनाचं काम करते. जबान देऊन महिना झाला नाही तोच तिने आपल्या गुरूंना, नागराज सरांना, पान बघायला बोलावलं. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकलेली पोर. सर म्हणतील ती पूर्व दिशा. सर चुलीपाशी पाटावर बसले, भिंग लावून बघत राहिले. अक्षरं उजवीकडे कललेली, अक्षरांवरचे नुक्ते, म्हणजे ठिपके, जवळजवळ नाहीतच.

"वळण फार जुनं दिसतंय, हिजरीच्या पहिल्या शतकातलं," ते म्हणाले. "पण जुन्या वळणाची नक्कलही करतात. आणि कातडं जुनं निघालं तरी लिखाण जुनं ठरत नाही. कार्बनची चाचणी तरी व्हायला हवी."

"त्याला तुकडा कापावा लागतो, सर. ते न्हाई जमायचं. फोटो घ्या, मापं घ्या."

"बरं," सर म्हणाले.

तिने स्टीलच्या पट्टीने माप घेतलं: लांबी एकतीस सेंटिमीटर, चार मिलिमीटर. मग परसातल्या चुलीवर चहा ठेवायला गेली. गाळताना उकळता चहा डाव्या मनगटावर सांडला. भाजलं मात्र नाही. नवल वाटलं तिला, पण सर वाट बघत होते.

अडीच महिन्यांनी सरांचा फोन आला.

"कार्बनचा निकाल आला, रक्षिता."

"कशाचा निकाल?"

"अगं, खालच्या समासातून पट्टी घेतली होती. दोन सेंटिमीटर लांब, नखाएवढी रुंद. तू चहाला गेलीस तेव्हा. शास्त्रात एवढं चालतं."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पान बनावट आहे," सर सांगत होते. "कातडं अगदी आत्ताचं. जनावरही ओळखू येत नाही. बकरी नाही, मेंढी नाही, वासरू नाही. परवा परिषदेत निबंध वाचला मी. तुझं नावही घातलंय."

केसाने गळा कापला म्हणतात तो असा. आपल्याच चुलीपाशी बसवलं, आपला चहा प्यायला, आणि चार पिढ्या सांभाळणाऱ्यांना लबाड ठरवलं, तेही तिच्याच नावाने. ती तडक बेळगावाहून गुंदला निघाली. रामनगरपर्यंत एक बस, पुढे दुसरी. वाटभर ती सरांना मनात शिव्या देत होती आणि त्याहून जास्त स्वतःला. अज्जाला काय सांगायचं ते मात्र गुंद आलं तरी सुचलं नव्हतं.

तिने सगळं सांगितलं. अज्जा रागावला नाही.

"पेटी काढ," एवढंच म्हणाला.

तिने हात धुतले, पान उन्हात फळीवर पसरलं. खालचा समास पाहिला. फोन काढून त्या दिवशीच्या फोटोशी ताडून पाहिला. कडेची तीच जुनी चीर, कोपऱ्याला तोच तपकिरी डाग. कापल्याची खूण कुठेच नाही. पट्टी लावली.

एकतीस सेंटिमीटर, चार मिलिमीटर.

पुन्हा लावली. तितकंच.

"अज्जा, पान सगळं हाय. कापलेलंच न्हाई."

"व्हय. ते कापत न्हाई." अज्जाने अंदाजाने हात पुढे केला. "जबान कुणी दिल्ती?"

"मी."

"मग तुझं बघ."

चहा सांडला होता ते मनगट तिने उन्हात धरलं. बांगडीच्या आड फिकट, गुळगुळीत जागा होती. व्रण नव्हता, लव नव्हती. नख रुतवलं तरी दुखेना. बांगडी घासून झालं असेल म्हणून अडीच महिने तिने लक्षच दिलं नव्हतं. आता तिने स्टीलची पट्टी तिथे टेकवली.

दोन सेंटिमीटर. नखाएवढी रुंद.

फळीवरचा फोन वाजला. सरांचा मेसेज होता. तिने अज्जाला वाचून दाखवला.

"निकालावर लोक शंका घेताहेत. काळजी नको. त्या दिवशी वरच्या समासातून मोठा तुकडाही घेऊन ठेवला होता, तळहाताएवढा. तो आज तपासायला पाठवला."

अज्जाचा चेहरा तिच्याकडे वळला.

"कुठला, पोरी?"

रक्षिताने दोन्ही दंड चाचपले. पोटऱ्या चाचपल्या. मग उजवा हात मानेवरून मागे नेला, वेणी बाजूला सारली आणि खांद्यांच्या मधोमध बोटं टेकवली.

बोटांना पाठ लागली. पाठीला बोटं लागली नाहीत.