प्रतिपात्र

दुपारी दोनच्या सुमारास दापोलीच्या तालीमघरात सगळे झोपलेले असत. सुरूच्या झाडांतून येणारा वारा पडदे हलवी आणि अकरा खाटांवर अकरा माणसं डोळे मिटून कुणाशी तरी बोलत असत. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. कुणी स्थळाला नकार देत असे, कुणी साहेबांकडे रजा मागत असे, तर कुणी शेजारणीला नुसतं 'या, चहा घ्या' म्हणायला शिकत असे.

याला स्वप्नतालीम म्हणत. ती आता इतकी रुळली होती की चारचौघांत मिसळायला बिचकणाऱ्या मुलांना शाळाच तिथं पाठवत.

कालिंदी तोडणकर आली तेव्हा चौतीस वर्षांची होती. माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत ती काम करायची. मातीशी बोलावं लागत नाही, म्हणून तिला ते बरं वाटे. तालीमघराच्या डॉक्टर इरावती सोहोनी यांच्यासमोर ती बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"झोपेत शिकलेलं जागेपणी राहतं?" तिनं शेवटी विचारलं.

"मांजराचं पिल्लू झोपेत पंजे मारतं, पाहिलंयस?" डॉक्टर म्हणाल्या. "स्वप्नात मेंदू नाटक करतच असतो. आम्ही त्याला फक्त प्रसंग देतो. सूत्रधार नावाचं यंत्र तुझ्या स्वप्नात एक माणूस उभा करतं. तो प्रतिपात्र. तू बोलायचं, त्यानं उत्तर द्यायचं. अडखळलीस तर पुन्हा पहिल्यापासून. मेंदूला ते घडल्यासारखंच वाटतं, त्यामुळे येणारा धीरही खरा असतो."

"तो माणूस कोण असतो?"

"अनोळखी. नेहमी अनोळखीच."

महिन्याभरात कालिंदी बाजारात भाव विचारू लागली, प्रयोगशाळेत सगळ्यांबरोबर डबा उघडू लागली. मग एके दिवशी ती म्हणाली, "मला प्रतिपात्र म्हणून माझे बाबा हवेत."

तिचे वडील जनार्दन हर्णैला राहत. बर्फाच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर यंत्रं सांभाळली होती. आठ वर्षांपूर्वी कालिंदीची आई पंधरा दिवसांच्या आजारात गेली, आणि कालिंदीला कळलं ते सगळं आटोपल्यावर. त्यांनी का कळवलं नाही, हे तिला विचारता आलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर वर्षातून एकदा ती जायची. दोघं पडवीत बसून समुद्राकडे बघायची आणि ती शेवटच्या एसटीनं परत यायची.

"परक्या माणसाशी केलेली तालीम ही तालीमच राहते," डॉक्टर म्हणाल्या. "आपल्या माणसाशी केलेली तालीम आठवण होऊन बसते."

"एकदाच, डॉक्टर. नाहीतर मी हे त्यांना कधीच विचारू शकणार नाही."

एकदाचं एकोणीस वेळा झालं.

स्वप्नात बर्फाचा कारखाना थेट समुद्रात उघडायचा. लाद्यांच्या रांगा निळ्या दिसत, मधल्या दोरीवर आईचं लुगडं वाळत असे, आणि बाबा स्टुलावर बसलेले असत. पहिल्या वेळी तिला प्रश्न विचारताच आला नाही. चौथ्या वेळी विचारला. बाबा म्हणाले, आईनंच नको म्हटलं होतं. सातव्या वेळी म्हणाले, तू येणार नाहीस असं वाटलं. सूत्रधार दर वेळी वेगळं उत्तर रचत होता, आणि दर वेळी ते ऐकून घेणं तिला थोडं सोपं जात होतं. एकोणिसाव्या वेळी बाबा रडले. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जागी झाली तेव्हा तिचा हात तसाच, हवेत होता.

त्या रविवारी ती हर्णैला गेली आणि सोमवारी डॉक्टरांना भेटली. तिचा चेहरा अगदी निवांत होता.

"तीन तास बोललो आम्ही. बाबा हसलेसुद्धा."

"विचारलंस?"

"गरजच वाटली नाही," कालिंदी म्हणाली. "माझ्या मनात आता काही राहिलेलं नाही."

कालिंदीच्या कागदावर डॉक्टरांनी 'पूर्ण बरी' असं लिहिलं.

सहा महिन्यांनी एक उंच, वाकलेले गृहस्थ तालीमघरात आले. खुर्चीत बसून त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. ते जनार्दन तोडणकर होते.

"मी फोन केला होता तिला," ते म्हणाले. एवढं बोलायलाही त्यांना वेळ लागला. "तिची आई आजारी होती तेव्हा. कालिंदीनं उचलला. मी म्हटलं, जेवलीस का. ती म्हणाली, हो. मग मी ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. मला बोलताच येईना, डॉक्टर. तिचा स्वभाव माझ्यावरच गेलाय."

"हे तिला सांगा."

"चारदा सांगायला घेतलं. ती माझा हात हातात घेते. म्हणते, राहू दे बाबा, मला सगळं समजलंय. इतकं गोड बोलते की पुढं शब्द निघत नाही. पूर्वी ती गप्प बसायची. अजून वर्षभर बसली असती तर मी बोललो असतो."

डॉक्टरांनी कालिंदीला फोन लावला. वडिलांना काही सांगायचंय, मध्ये न बोलता ऐकून घे, असं त्यांनी विनवलं. कालिंदीनं आस्थेनं त्यांचे आभार मानले. म्हणाली, "उगाच जुनं उकरून त्यांना त्रास कशाला? त्यांचं मन मी जाणते." आवाजात कुठं धार नव्हती. ही बोलण्याची रीत डॉक्टरांनीच शिकवली होती.

"मला तिथं झोपवा," जनार्दन खाटांकडे बघत म्हणाले. "मला ती पूर्वीची कालिंदी भेटवा. गप्प बसणारी."

डॉक्टरांना नकार द्यायचा होता. पण दुसरं द्यायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

तासाभरानं जनार्दन जागे झाले. "ऐकलं तिनं," ते म्हणाले. "एक शब्द मध्ये बोलली नाही."

"आता खऱ्या कालिंदीला सांगाल ना?"

त्यांनी जरा विचार केला. "आता काय सांगायचं राहिलंय?" असं म्हणून ते उठले. चालताना पाठ थोडी सरळ झाली होती.

पुढं डॉक्टरांना ती दोघं हर्णैच्या किनाऱ्यावर दिसली. माशांचा लिलाव चालला होता. बापलेक टोपल्यांमधून वाट काढत, कोळणींशी घासाघीस करत, एकमेकांना काही दाखवत चालली होती. कुणी अडखळत नव्हतं, कुणी गप्प होत नव्हतं. डॉक्टर अगदी जवळून गेल्या. सुरमई महागलीय, एवढंच त्यांच्या कानावर पडलं.