बाजाराच्या दिवशी उडणारा फ्यूज

रुख्मिणी उईके आली तेव्हा बिसराम हवालदार पोहे खात होता. खाताना समोर कुणी रडू लागलं की त्याचा घास अडतो. तीस वर्षं पोलिसात काढली, तरी ही खोड काही गेली नाही.

निवृत्तीनंतर तो गोंदियात मंजूताई कापगते यांच्या हाताखाली लागला होता. ताई आधी विम्यासाठी अपघाताच्या गाड्या तपासायच्या, आता खासगी तपास करायच्या. डोकं ताईंचं, स्कूटर चालवणं बिसरामचं, अशी सरळ वाटणी होती.

"माया नवऱ्यानं कोणाले मारलं नाई, ताई," रुख्मिणी म्हणाली.

गोष्ट २००६ च्या पावसाळ्यातली. तिचा नवरा जागेश्वर हा लोकेंद्र पटलेंची काळी-पिवळी जीप सालेकसा ते दरेकसा चालवायचा. दहा दिवसांपूर्वी, बाजाराच्या दिवशी, दिवेलागणीला धो धो पावसात त्यानं एका वळणावर ब्रेक मारला. मागचे दिवे बंद होते. मागून मोटरसायकलवर लोकेंद्रचाच धाकटा भाऊ भुवनेश्वर येत होता. तो जीपवर आदळला आणि जागीच गेला. सव्वीस वर्षांचा पोरगा, काय वय होतं ते.

मागच्या दिव्यांचा फ्यूज उडालेला निघाला, आणि जागेश्वरच्या खिशात चार चांगले फ्यूज सापडले. लोकेंद्रनं ठाण्यात सांगितलं, याला मी कामावरून काढणार होतो, म्हणून यानं मुद्दाम गाडीत खोट केली. तेव्हापासून जागेश्वर कोठडीत होता.

"खिशात फ्यूज कायले ठेवत होता तो?" बिसरामनं दरडावलं.

"घडीघडी उडे म्हणून. बाजाराच्या दिवशी तर हमखास. बाकी दिवशी गाडी बरी राहे. त्यानं मालकाले चारदा सांगतलं."

"हे कधीपासून?" ताईंनी विचारलं.

"आखाडातली जिवतीची अवस झाली ना, तिच्यानंतरच्या पहिल्या बाजारापासून."

बिसरामला मनातून जागेश्वरच दोषी वाटत होता. पण ताईंनी चप्पल पायात सरकवली, तेव्हा पोहे तसेच टाकून त्याला उठावं लागलं. रुख्मिणी बसनं मागून आली.

पहिल्यांदा ते सालेकशाच्या गॅरेजवाल्या हिमांशुकडे गेले. तो मूळचा गोंदिया शहरातला, त्यामुळे निम्मा हिंदीतच बोलायचा.

"मॅडम, तीन बार चेक किया. बल्ब बदलले, समोरची वायरिंग पाहिली. इथं उभी असली की फ्यूज टिकतो. मग मी काय करू?"

"तपासताना गाडीत कोण असायचं?"

"कोई नहीं. रिकामी गाडी. ड्रायव्हरसुद्धा चहाला जायचा."

"मागं काही नवं काम केलं होतं?"

"जूनमध्ये मागची पत्र्याची पायरी गंजली म्हणून सागाची फळी बसवली. तार तिच्याखालूनच जाते, पण सुताराचे स्क्रू मी पाहिले. दोन्ही टोकांना आहेत, तारेपासून दूर. और कुछ नहीं लगाया."

ताईंनी त्यालाही सोबत घेतलं आणि सगळे पटलेंच्या घरी पोचले. जीप आदल्याच दिवशी ठाण्यातून सुटून आली होती, अंगणात उभी होती. रुख्मिणी फाटकातच थांबली, आत यायची तिची छाती झाली नाही.

"बाजाराच्या दिवशीच धंदा असते," लोकेंद्र कडवटपणे म्हणाला. "मागच्या पायरीवर सुद्धा माणसं लटकून राहतेत. तवाच गाडी बिघडली का मालकाचं नुकसान. हे त्याले बरोबर माहीत."

घरात शिरताना बिसरामची बाही दाराच्या चौकटीला अडकली आणि टर्रकन फाटली. चौकटीत खिळ्यांची रांगच होती. सगळे गंजलेले, शेवटचा तेवढा नवा, चौकोनी डोक्याचा, हातानं घडवलेला.

"बकाराम लोहार दरसाल जिवतीले ठोकून जाते," आतून गोमतीबाई म्हणाल्या. लोकेंद्रची आई. दहा दिवसांत त्यांचं अंग निम्मं झालं होतं. "लेकरायले काई होऊ नये म्हणून. पण झालंच ना. त्या जागेश्वरचं तळपट होवो."

बिसराम बाही सारखी करत अंगणात आला.

ताईंनी तोवर जीपच्या मागच्या दिव्यांचे बल्ब काढले होते. फ्यूजच्या जागी दोन तारांनी एक वेगळा बल्ब जोडून त्यांनी गाडीचे दिवे चालू केले.

"आता मागं एकही दिवा नाही. म्हणजे या तारेतून वीज जायला नको. तरी माझा बल्ब पेटला, तर वीज भलतीकडे उतरते असं समजा. लोकेंद्रभाऊ, पुढं बसा. हिमांशु, तुम्ही मधे."

दोघं बसले. बल्ब विझलेलाच.

"बिसरामजी, तुम्ही मागच्या पायरीवर उभे राहा."

बिसरामचं वजन नव्वद किलो. तो फळीवर चढला आणि बल्ब लख्ख पेटला. उतरला, विझला. तीनदा तसंच झालं.

"जागेश्वरनं खोट केली असती तर ती पायरीवर माणूस चढल्यावरच जागी झाली नसती," ताई म्हणाल्या. "बाजाराच्या दिवशी पायरीवर माणसं उभी राहतात, तेव्हाच फ्यूज उडायचा, आणि माणसं उतरून गेली तरी दिवे बंदच राहायचे. हिमांशु रिकामी गाडी तपासायचे, त्यांना काही सापडायचं नाही. आणि पुढं बसलेल्या ड्रायव्हरला मागचा दिवा गेलेला दिसत नाही."

"पण फळी तर जूनची," लोकेंद्र म्हणाला. "फ्यूज उडायला लागले जिवतीनंतर."

"म्हणूनच फळीचा दोष नाही. जिवतीला तिच्यात काहीतरी शिरलं. बिसरामजी, फळीच्या मधोमधचा चिखल पुसा."

बिसराम पुसायला वाकला. चिखलाखाली एक चौकोनी डोकं होतं, हातानं घडवलेलं. आपली बाही कशानं फाटली हे त्याला आठवलं. ताईंनी आता गप्प बसावं असं त्याला फार वाटलं.

ताई हळू आवाजात म्हणाल्या, "हा खिळा फळीतून खालच्या तारेत उतरलाय. वजन पडलं की टोक गाडीच्या लोखंडी पट्टीला टेकतं आणि वीज तिकडं उतरते."

दारात गोमतीबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मीच ठोकवला तो," त्या म्हणाल्या. "बकाराम दाराचा खिळा ठोकून जाऊन राहिला होता. मी म्हटलं, माया दोनी लेकरायचं पोट या गाडीवर, हिच्या उंबऱ्यालेही एक ठोक. इतके वर्षं पत्रा होता, ठोकता ये नाई. औंदा लाकूड आलं."

लोकेंद्र जीपमधून उतरला आणि आईजवळ गेला.

"माय, हे इथंच राहू दे. लोक काय म्हणतीन?"

"मग जागेश्वर सुटणार नाही," मंजूताई म्हणाल्या. "मावशी, मी जबरदस्ती करणार नाही. पण नुसता खिळा दाखवला तर तोही जागेश्वरनंच ठोकला म्हणतील."

गोमतीबाई पायऱ्या उतरल्या. फाटकापर्यंत जाईस्तोवर त्या दोनदा थांबल्या. बिसराम हात द्यायला पुढं झाला, तो त्यांनी घेतला नाही.

"तुले लेकरं किती?" त्यांनी रुख्मिणीला विचारलं.

"दोन, मायबाई."

"मंग चाल ठाण्यात," गोमतीबाई म्हणाल्या. "त्याहिच्या बापाले घेऊन येऊ."