भैरवी राहिली

भावेशच्या दिवाणखान्यातला सोफा उल्हासनगरहून आला होता आणि त्याच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. ते नेत्राच्या लग्नानंतर काढायचं, असं घरात ठरलं होतं. त्यामुळे तिथे कोणीही बसलं की चुरचुर आवाज व्हायचा. मी बसलो, चुरचुर. चहा ठेवून भावेशची मुलगी नेत्रा टेकली, चुरचुर. भावेशची आई मोतीबाई म्हणजे लुगड्यात गुंडाळलेली काटकी, पण त्या प्लास्टिकने तिचीही यथायोग्य दखल घेतली.

"सर, निवेदन तुम्ही करायचं," भावेश म्हणाला. "अमेरिकेची पार्टी आहे. चार वाजवणारे, एक गाणारी. आपल्या बेलवलीत! एकदम इंटरनॅशनल."

मी उल्हासनगरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. त्यामुळे अंबरनाथ ते बदलापूर या पट्ट्यात जे जे परदेशी असतं ते माझ्याकडे येतं, मग तो व्हिसाचा अर्ज असो की एसीची माहितीपुस्तिका. मी हो म्हणालो.

भावेश मूळचा मोरिवलीचा, आगरी. आजोबांची शेती कारखान्यांखाली गेली, उरलेल्या जमिनीवर भावेश बिल्डर झाला. बेलवलीच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये त्याने एक छोटं नाट्यगृह बांधलं आणि त्याला आईचं नाव दिलं. नेत्राच्या ऑफिसने मुंबईत आणलेल्या या मंडळींचा एक दिवस मोकळा होता, तो भावेशने उद्घाटनासाठी पकडला.

"मी कया करू थं?" मोतीबाईने विचारलं.

"पहिल्या रांगेत बसायचं, आये. आणि गळा जपायचा. थंड पिऊ नको. पुढच्या महिन्यात हळद आहे."

हा खरा मुद्दा होता. मोतीबाई धवलारीण. आगऱ्यांच्या हळदीला ती धवले गायची, देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन मांडवात बोलवायची आणि कार्य उरकलं की तशीच नावं घेऊन परत पाठवायची. आता हे काम डीजे करतो. त्याला गेलेल्यांची नावं माहीत नसतात, पण आवाज मोठा असतो. भावेशने मात्र जाहीर केलं होतं, "माझ्या पोरीच्या हळदीला डीजे नाय. आई गाणार. बस."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मंडळी आली. गायिका उंच, काळी, केस बारीक कापलेले, वय साठीच्या पुढे. नाव लॉरेटा, म्हणजे आमच्याकडे लगेच लॉरेटाबाई. भावेशने तिला नाट्यगृह दाखवलं. खुर्च्यांवर त्याचा विशेष जीव होता. "उठलं की सीट आपोआप वर. स्प्रिंग आहे. सांगा सर त्यांना." मी सांगितलं. चौघा वादकांनी विनयाने माना हलवल्या.

लॉरेटाबाई रंगमंचाच्या मध्यावर उभी राहिली आणि माइकशिवाय एक ओळ गायली. थांबली. मागच्या अंधारातून बारीक आवाजात काहीतरी आलं.

"मागे कोण आहे?" तिने मला इंग्रजीत विचारलं.

"कोणी नाही. नवीन हॉल आहे, प्रतिध्वनी असेल."

"प्रतिध्वनी गायलेलीच ओळ परत आणतो," ती म्हणाली. "ही पुढची ओळ होती."

मी हसलो. ती हसली नाही. तिने कार्यक्रमपत्रिकेवर बोट ठेवलं. "हे पहिलं गाणं बोलावण्याचं आहे आणि हे शेवटचं घरी पाठवण्याचं. वेळ कमी पडला तर मधलं काहीही गाळा. शेवटचं नाही."

मी म्हटलं, समजलं, आमच्याकडे त्याला भैरवी म्हणतात. ती झाल्याशिवाय मैफल संपत नाही.

संध्याकाळी हॉल अर्धा भरला. पास फुकट होते, तरी अर्धा. मागच्या सगळ्या रांगा रिकाम्या. चौघांनी आधी अमेरिकन संगीतकाराची एक संथ रचना वाजवली. तिसऱ्या रांगेतल्या गृहस्थांनी शेजारणीला "दवाखान्यात लावतात तसलं आहे" असं सांगितलं आणि ते रंगमंचापर्यंत ऐकू आलं. मग मी निवेदन केलं. ही गुलामांची गाणी, कापसाच्या शेतातली. एकाने ओळ सुरू करायची, बाकीच्यांनी पुरी करायची.

"म्हंजी धवलाच क रं!" पहिल्या रांगेतून मोतीबाई मोठ्याने म्हणाली. सगळे हसले.

दिवे मंदावले. लॉरेटाबाईने पहिली ओळ टाकली आणि वाट पाहिली.

ओळ पुरी झाली.

अनेक आवाज होते, बहुतेक बायकांचे, खालच्या पट्टीतले. बांगड्या वाजल्यासारखं वाटलं. त्यात मोतीबाईचाही आवाज होता. तिने इंग्रजीचा एक शब्दही कधी उच्चारलेला नाही आणि तेव्हाही उच्चारला नसावा, पण ती बरोबर जागेवर येत होती. पुढच्या रांगांतली माणसं माना वळवून मागे बघू लागली. एसीच्या गारव्यात ओल्या चिखलाचा आणि मिठाचा वास मिसळला. मला वाटलं, ड्रेनेज. नवीन बांधकामात असं होतं.

मोतीबाई अर्धवट उठून मागे वळली होती. मांडवाच्या दाराशी यजमानीण करते तशी पुढे यायची खूण करून म्हणत होती, "बसा गो बसा. फुरं जागा हाय."

चार गाणी झाली. शेवटच्या गाण्याआधी सत्कार होता, म्हणून दिवे लावले.

मागच्या रांगा रिकाम्याच होत्या. पण एकही सीट वर नव्हती. झाडून सगळ्या खाली, कोणीतरी बसल्यासारख्या.

प्रमुख पाहुणे कार्यसम्राट होते. निदान बाहेरच्या फलकावर तसं लिहिलं होतं. त्यांनी शाल दिली, श्रीफळ दिलं, मग भाषण दिलं. भारत-अमेरिका संबंधांवरून ते बेलवलीच्या गटारांवर आले आणि तिथे रमले. बाहेर विमानतळाची गाडी हॉर्न वाजवू लागली. भाषण संपलं तेव्हा ड्रायव्हर थेट विंगेत आला होता.

मी भावेशला म्हटलं, "शेवटचं गाणं राहिलंय. तिने बजावून सांगितलंय."

"सर, अ‍ॅडजस्ट करा ना. फ्लाइट चुकेल त्यांची. आभार मानून टाका."

लॉरेटाबाई शाल पांघरून, हातात नारळ घेऊन मागच्या रांगांकडे बघत होती. "हे बरं नाही झालं," एवढंच म्हणाली. मग तिला नेलं.

मी आभार मानले. माणसं उठली, त्यांच्या सीटा खटाखट वर गेल्या. मागच्या गेल्या नाहीत.

मोतीबाई जागची हलली नाही.

"आये, चल."

"कशी उठू? पावनं बसल्यान."

"कुठले पाहुणे?"

"तिनं बोलावलान, न पाठवलान नाय. आवरी मान्सा बसवून तू मला घरा नेतंस?"

भावेशने माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीचा प्राध्यापक. मी नेत्राकडे पाहिलं.

नेत्राने फोन लावला. गाडी मुंब्र्याजवळ होती. लॉरेटाबाईने काही विचारलं नाही. स्पीकरवर, ट्रकच्या घरघरीत, तिने गायला सुरुवात केली.

मागून ओळ पुरी झाली.

शेवटच्या रांगेतली पहिली सीट वर गेली. मग दुसरी. एक रांग गेली, दुसरी गेली.

मग नेटवर्क गेलं.

नेत्रा पुन्हा पुन्हा लावत राहिली. मोतीबाई फोनकडे बघत होती, भांड्यातलं पाणी संपल्यावर बघावं तशी.

भावेश तिच्या पायाशी बसला. आता तो बिल्डर वाटत नव्हता. "आये, चल ना. नेत्राची हलद हाय. तू नाय गायलीस त कोन गाईल?"

मोतीबाईने नेत्राच्या गालावरून हात फिरवला. बराच वेळ. मग म्हणाली, "त्यांना बोलावताना मी पन होती."

आणि तिने धवला धरला. पाठवणीचा. एकेक नाव घेत गेली. काही आगरी नावं होती. काही अशी होती की ती मी आयुष्यात ऐकली नव्हती, आणि तिने तर नक्कीच नाही.

सीटा वर जाऊ लागल्या. मागून पुढे, एकामागून एक.

शेवटचं नाव तिने पुटपुटलं. मला ऐकू आलं नाही.

मग ती उठली. सहज, हात न धरता. भावेशने तिला कवटाळलं. तिघं दाराकडे गेली.

तिची सीट खालीच होती. मी दोन्ही हातांनी ती वर ढकलून पाहिली. हलली नाही.

"स्प्रिंग गेली असेल," भावेश दारातून म्हणाला. "उद्या माणूस पाठवतो."

माणूस येऊन गेला. स्प्रिंग ठीक आहे म्हणाला.

हळदीला मी सहकुटुंब गेलो. मांडवात बायका जमल्या होत्या. भावेशने डीजे खरंच लावला नव्हता; त्यामुळे फार शांत होतं. मोतीबाई हिरवं लुगडं नेसून बसली होती. "धर गो मोतीबाय, धर," बायका म्हणाल्या. तिने तोंड उघडलं, मिटलं आणि सगळ्यांकडे बघून छान हसली. कार्यक्रमानंतर घसा धरलाय, असं भावेश ज्याला त्याला सांगत होता. शेवटी कोणीतरी मोबाइलवर धवले लावले.

मग आम्ही जेवून वर घरात टेकलो. मी सोफ्यावर बसलो, चुरचुर. माझी बायको बसली, चुरचुर. नेत्रा हळदीच्या हातांनी आजीला धरून घेऊन आली आणि आमच्या मधोमध तिला बसवलं.

मोतीबाई बसली. ऐसपैस, मागे रेलून.

प्लास्टिकचा आवाज झाला नाही.