ताईच्या बाजूचं घड्याळ

"अरे, हा तर चक्क नकला करतोय!" टिटवी खारूच्या कानात कुजबुजली.

सुट्टीतल्या बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी चालू होती. खारूच्या ताईनं घोडा काढला, की समोरचा चश्मिसही घोडा काढी. तिचा उंट, की त्याचाही उंट! पट आरशात पाहिल्यासारखा दिसत होता. सुरुवात दोघांनाही तोंडपाठ. खेळी करायची आणि दोन तबकड्यांच्या घड्याळाची कळ दाबायची, की समोरच्याचा वेळ सुरू!

खारूची नजर घड्याळावर गेली आणि त्यानं टिटवीचा हात ओढला.

"टिटवे, दोघं सारखेच झटपट खेळले ना? मग ताईचा वेळ दुप्पट कसा गेला?"

टिटवी त्याची आतेबहीण. तिनं लगेच मनगटावरचं घड्याळ पुढं धरलं. तिच्या घड्याळात एक मिनिट झालं, तर ताईच्या तबकडीवर दोन! काटा बारावर पोचला की ताई हरलीच! ताईचे कान लाल झाले होते. ती नखं कुरतडत होती.

दोघं पंचकाकांकडे धावले. काका चहात बिस्कीट बुडवत होते.

"काका, ते घड्याळ..."

"प्रेक्षकांनी लुडबुड करायची नाही! खेळाडूशी एक शब्द बोललात, तर बाहेर काढीन!"

ताईला सांगायची सोय नाही, काका ऐकून घेईनात! खारू रडायच्या बेताला आला. तेवढ्यात टिटवी गोड आवाजात म्हणाली, "काका, तुमचं घड्याळ मागं पडतं का हो?"

"माझं? कधी सेकंदानं चुकलं नाही!"

"मग ताईच्या टेबलावरचं त्याच्या पुढं कसं पळतंय?"

"अशक्य! चला, दाखवतोच!"

काका तरातरा टेबलापाशी गेले. एकदा पाहिलं, डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला. त्यांनी डाव थांबवला.

"तिचा वेळ तिला परत द्या, काका," चश्मिस म्हणाला. "आम्ही बरोबरीनंच खेळत होतो."

दुसरं घड्याळ आलं आणि ताईला तिचा वेळही परत मिळाला. ताईनं मोठा श्वास घेतला आणि मधलं प्यादं पुढं सरकवून त्याच्या उंटावर रोखलं. आता नक्कल करणं चश्मिसला परवडणारं नव्हतं! तरी डाव लांबतच गेला. खारूनं तर डोळे गच्च मिटून घेतले.

"हरलो!" चश्मिसचा आवाज आला.

बक्षिसाच्या वेळी पंचकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी. घड्याळं तपासायची सोडून मी गप्पा छाटत बसलो. या दोघांनी माझी लाज राखली. शाबास, पोरांनो!"

ताईनं खारूला जवळ ओढलं. तिचे हात अजून गारच होते.

"मला वाटलं रे, आज माझं डोकंच चालत नाहीये!"

"डोकं चालत होतं गं," खारू म्हणाला. "काटा पळत होता!"