धुतलेला पट्टा

हसायचं तर हसा, पण हे घडलंय. भूत म्हटलं की लोकांना रात्र लागते... इथं शनिवारची भर दुपार होती, रणरणतं ऊन होतं.

आपल्या गॅरेजच्या मागच्या नळावर भावोजी बादलीत काहीतरी खसाखसा घासत होते. त्यांचा मेहुणा, म्हणजे गॅरेजातलाच सीटकव्हरवाला, बघत उभा होता.

सीटबेल्ट होता. अपघातात चेंदामेंदा झालेल्या गाडीतला.

पाणी तपकिरी झालेलं. वर तरंगत होता... केसांचा पुंजका.

शी!

"भावोजी, असा पट्टा परत बसवायचा नसतो. कायदाच आहे तसा. कापून फेकायचा, नवा घालायचा."

"मला नको कायदा शिकवूस. धुतला की झाला!"

"कुणाच्या गाडीत घालताय?"

"आपल्याच. तुझ्या ताईचा पट्टा अडकतोय ना."

ताईला सातवा महिना होता.

त्याने परोपरीने सांगितलं. भावोजी ढिम्म. पट्टा बसवला आणि हात पुसत आत आले. असल्या माणसाला काय म्हणावं!

इतक्यात बाहेर आवाज झाला...

खट्ट.

पट्टा लागल्याचा.

गाडीत कुणीच नव्हतं. दारं बंद. पण पट्टा लागलेला... सीटपासून वीतभर पुढे, ताणलेला. आत कुणी बसल्यासारखा.

आणि श्वास घेतल्यासारखा तो हळूहळू वर-खाली होत होता.

"स्प्रिंग... स्प्रिंग बिघडली असेल," भावोजी पुटपुटले.

सीटकव्हरवाल्याने कात्री उचलली. दार उघडताच आंबूस, गोडसर भपकारा आला. पट्टा ओला होता... आणि कोमट. त्याने तोंड फिरवून तो कचाकचा कापला.

सुटलो, असं वाटलं त्याला.

तोच ताईचा फोन.

"अरे, लवकर या रे! नुसती खुर्चीत बसले होते... आता उठताच येईना."

दोघं धावत घरी गेले. ताई घामाघूम, खुर्चीला खिळलेली. ड्रेसवर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका, ओला, तपकिरी पट्टा उमटलेला.

तोच वास.

"चुकलो! सोड तिला!" भावोजी कुणाला हात जोडत होते, देव जाणे.

खट्ट.

ताई पुढे कोसळली. दोघांनी तिला सावरलं.

बाळ सुखरूप जन्मलं. गोड आहे, हसरं आहे. पण मामा अजून त्याला मांडीवर घेत नाही.

बाळाच्या छातीवर एक तिरका डाग आहे. अंघोळ घालताना भावोजी तो साबणाने चोळत बसतात. डाग जात नाही.

पाणी मात्र... रोज तपकिरी होतं.