बावीस टॉवेलांची घडी

पहिल्या भेटीत तो तिच्यासमोर ओलाचिंब, कुडकुडत उभा होता, आणि त्याचा टॉवेल तिच्या हातात चौपदरी घडी होऊन बसला होता. आणखी एकवीस टॉवेल शेजारी रचलेले. मोठे खाली, लहान वर.

तिचा हेतू वाईट नव्हता. इस्पितळाच्या धुलाई विभागात ती सहा वर्षं देखरेखीला होती; जमिनीवर कापड दिसलं की हात तिला न विचारता कामाला लागत. मावशीसोबत परदेशी फिरायला आलेली, समुद्रावर पोचते तर वाळूभर टॉवेल पसरलेले आणि मालक पाण्यात. "काय बाई निष्काळजी लोक," असं पुटपुटत तिनं सुरुवात केली होती.

त्या पुटपुटण्यावरूनच त्यानं भाषा ओळखली.

"इथे टॉवेल म्हणजे घर," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या टॉवेलला कुणी हात लावत नाही. तुम्ही बावीस कुटुंबं बेघर केलीत."

"वाळू झटकून दिलीय," ती म्हणाली. "चारही बाजूंनी."

त्याच्यामागे एकवीस ओली माणसं रांगेत उभी होती. तो वळून त्यांच्याशी बराच वेळ बोलला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"काय सांगितलंत?"

"आमच्याकडे अशी सेवा असते म्हणून. त्या आजोबांनी उद्याची वेळ विचारलीय."

तो चार वर्षं इथे लिफ्टदुरुस्ती करत होता. त्यानंतर रोज काम आटोपून तो किनाऱ्यावर येऊ लागला... आजोबांसाठी नक्कीच नाही.

त्याच्यामुळे तिला किनारा कळत गेला. ढेरपोटे गृहस्थ पोट जराही आत न ओढता हिंडत. एक आजीबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून शब्दकोडं सोडवत. मावशीनं पहिल्या दिवशी तोंडाला पदर लावला, दुसऱ्या दिवशी पाय भिजवले, तिसऱ्या दिवशी तिला पाण्याबाहेर काढायला दोन माणसं लागली. बुडत नव्हती, निघत नव्हती.

पण शुक्रवारी परतीचं विमान होतं. शनिवारी घरी एका स्थळाला होकार की नकार ते कळवायचं होतं. हे तिनं त्याला बुधवारीच सांगितलं होतं. तेव्हापासून तो फक्त लिफ्टबद्दल बोलत होता.

गुरुवारी संध्याकाळीही तेच.

"लिफ्ट अडकली ना, की आतली माणसं पहिली दहा मिनिटं विनोद करतात. मग खरं बोलायला लागतात."

"आपल्याला चार दिवस झाले," ती म्हणाली.

एक लाट आली, गेली. वाऱ्यानं तिची ओढणी त्याच्या खांद्यावर टाकली. त्यानं ती काढली नाही, तिनं मागितली नाही.

"स्थळाला नकार कळवा," तो हळूच म्हणाला. "म्हणजे... तुम्हाला वाटत असेल तर."

"कारण काय सांगू?"

"मी." त्यानं खांद्यावरची ओढणी सावरली. "मला तुम्ही फार आवडता. घडी घालतानाच... तेव्हा थंडीमुळे हे बोलता आलं नाही."

ती हसू दाबत वाळूत बोटानं रेघा ओढत राहिली.

"मी मार्चमध्ये सुट्टी काढतो," तो म्हणाला. "घरच्यांना भेटायला येतो."

"फेब्रुवारीत ये."

"का?"

"मार्चमध्ये आमच्या इस्पितळात वार्षिक तपासणी असते. लग्नाला सुट्टी मिळणार नाही."

त्यानं अजून लग्नाचं नावही काढलं नव्हतं. त्यानं खिशातून फोन काढला, तिच्या आणखी जवळ सरकला आणि साहेबांना रजेचा अर्ज लिहायला घेतला.