न खुडलेली ओळ

नेव्हेना गुडघे टेकून, श्वास रोखून बसली होती. समोर दवानं निथळणारा एकच गुलाब. वारा क्षणभर थांबला, बोट कॅमेऱ्याच्या बटणावर टेकलं... आणि कुठूनसा एक हात आला, फूल खुडून निघूनही गेला!

"अरे! माझं फूल होतं ते!"

"तुझं?" कमरेला पिशवी बांधलेला यावोर हसला. "शेत तर माझ्या आईचं. ऊन चढायच्या आत सगळं खुडावं लागतं, नाहीतर सुगंध उडून जातो."

"आणि ऊन चढलं की माझा फोटो जातो!"

"म्हणजे दोघंही उन्हाच्याच धाकात."

मग रोज पहाटे काझानलाक गावच्या त्या शेतात ती फुलाच्या उंचीला वाकायची, आणि तो काम टाकून जवळ यायचा.

"इकडे उभा राहा. पाकळ्यांवर सावली धर."

"फक्त सावलीच हवी?"

"गप्प. हलू नकोस."

"मी कुठे हलतोय? तुझाच कॅमेरा हलतोय..."

हलत होता खरा. फोटो धूसर येत होते, आणि वारा तर पडलेला होता!

आज ती सोफिया शहरात, आपल्या घरी परत निघणार होती. त्यानं 'थांब' म्हटलं नव्हतं. आणि जाणाऱ्यानं आपण होऊन 'थांबू का' असं कसं विचारायचं? रात्रभर कूस बदलून पहाटे नेमका डोळा लागला. ती धावत शेतावर पोचली तेव्हा ऊन डोंगर उतरून आलं होतं. सगळी झुडपं नुसती हिरवी... संपलं, तिला वाटलं.

पण मधली एक अख्खी ओळ गुलाबी होती!

"आंधळा झालास का रे?" यावोरची आई कमरेवर हात ठेवून कडाडली.

"चुकून राहिली, आई."

"लहानपणापासून खुडतोयस, कधी एक फूल मागे ठेवलं नाहीस. आणि आज अख्खी ओळ चुकून?"

फुलं खुडणाऱ्या बायका फिसकन हसल्या. यावोरचे कान लालबुंद झाले. आईनं नेव्हेनाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि एक रिकामी पिशवी तिच्या अंगावर फेकली. "तुझ्यापायी राहिली ना पोरी? मग खुडू लाग."

रस्त्यावर बसचा भोंगा वाजला.

"तुझी बस..." यावोर पुटपुटला. "म्हणजे... जायलाच हवं का?"

"हे विचारायला इतके दिवस लागले?" नेव्हेनानं कॅमेरा गळ्यातून काढला. "आता ही ओळ संपेपर्यंत तरी नाही."

बस धूळ उडवत निघून गेली. आणि गावातला सगळ्यात चपळ हात आज एकेक फूल इतकं सावकाश खुडू लागला, की आईनं कपाळाला हात लावला.